पाणी, कीड आणि शेजाऱ्याचे पीक: बालीतील सुबाकांचे प्रकरण

इंडोनेशियातील बाली बेटावर १९७० च्या दशकात भातशेती आधुनिक करण्यासाठी जे निर्णय घेण्यात आले, त्यांतील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय होता. जास्त उतारा देणारे वाण आणणे, ते कमी दिवसांत तयार होतात म्हणून शेतकऱ्याला वर्षात शक्य तितक्या वेळा लावणी करायला सांगणे, खते आणि कीटकनाशके कर्जावर उपलब्ध करून देणे, जुने बंधारे काँक्रीटचे करणे, यांपैकी कशावरही त्या काळच्या एखाद्या कृषी विद्यापीठात फारसा आक्षेप घेतला गेला नसता. तरीही काही वर्षांतच बेटाच्या दक्षिण-मध्य भागात पाण्याच्या पाळ्या कोलमडल्या, किडीने एकामागून एक शिवारे उद्ध्वस्त केली आणि नव्या वाणांनी वाढवलेले उत्पादन टिकवणे अवघड होऊन बसले. यात नेमका कोणता निर्णय चुकला, असे विचारू गेल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही. हे सारे निर्णय ज्या परस्परसंबंधांवर येऊन आदळले, ते संबंध कोणत्याही एका विद्याशाखेच्या नजरेच्या टप्प्यात पूर्णपणे येत नव्हते.

गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास आज जगभर रुळला आहे. १९८४ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सांता फे इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र यांतील लोकांना एका मेजाभोवती बसवणे हाच तिचा उद्देश होता. या क्षेत्रातील पुष्कळशी उदाहरणे मात्र संगणकाच्या पडद्यावर जन्मतात आणि तेथेच राहतात. बालीचे प्रकरण वेगळे ठरते, कारण येथे प्रत्यक्ष शेतकरी आहेत, मोजलेले उत्पादन आहे, चुकलेले धोरण आहे आणि प्रारूप, म्हणजे संगणकावर मांडलेली गणिती प्रतिकृती, तपासून पाहता येईल असे शिवारही आहे. त्यामुळे सिद्धान्त कोठे खरा ठरतो आणि कोठे अपुरा पडतो, हे दोन्ही येथे पाहता येते.

भूमी आणि सुबाक

बाली हे ज्वालामुखींनी घडवलेले बेट आहे. बातूर पर्वताच्या प्रचंड मोठ्या मुखखळग्यात एक सरोवर आहे आणि त्याच्या दक्षिणेकडील उतारावरून अनेक लहान नद्या समुद्राकडे धावतात. या नद्यांनी मऊ ज्वालामुखीय खडकात खोल घळी कोरल्या आहेत, त्यामुळे नदी शेजारून वाहत असली तरी तिचे पाणी शेतात सहज चढत नाही. त्यावर बालीच्या शेतकऱ्यांनी काढलेला मार्ग असा की, वरच्या अंगाला नदीवर बंधारा घालायचा, तेथून डोंगरात खोदलेल्या बोगद्याने आणि पुढे पाटाने पाणी न्यायचे आणि खाली पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत सोडायचे. असे बंधारे एकाच नदीवर एकाखाली एक असतात आणि कोरड्या महिन्यांत प्रत्येक बंधारा नदीचा जवळजवळ सगळा प्रवाह वळवू शकतो. वरच्याने पाणी अडवले तर खालच्याला झिरप्यावर आणि झऱ्यांवर समाधान मानावे लागते. आपल्याकडे कालव्यांच्या भाषेत ज्यांना टेलचे शेतकरी म्हणतात, त्यांची व्यथा तेथेही तीच आहे.

एका स्रोताचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला सुबाक म्हणतात. एका सुबाकात साधारणपणे ५० ते ४०० शेतकरी असतात आणि बेटावर असे सुमारे १,२०० सुबाक आहेत. अकराव्या शतकातील कोरीव लेखांत या संस्थेचा उल्लेख सापडतो. सुबाकाचे स्वतःचे नियम असतात, दंड असतात, निवडलेला प्रमुख असतो, आणि बैठकीत सदस्याचा सामाजिक दर्जा बाजूला ठेवून सर्वांना समान मानण्याची रीत आहे. प्रत्येक सुबाकाचे एक देऊळ असते. अनेक सुबाकांचे मिळून एक मोठे देऊळ असते आणि या सर्वांच्या शिरोभागी बातूर सरोवराच्या देवीचे, देवी दानूचे, पुरा उलुन दानू बातूर हे मंदिर आहे. दोनशेहून अधिक सुबाक या मंदिराशी जोडलेले आहेत. सरोवरातून एकही नदी उगम पावत नाही, तरी उतारावरचे सर्व झरे याच सरोवराचे आहेत आणि म्हणून पाणी देवीचे आहे, अशी श्रद्धा आहे. नवा बंधारा घालण्यापूर्वी किंवा झऱ्याचे पाणी वळवण्यापूर्वी मंदिराच्या प्रमुख पुजाऱ्याची संमती घेण्याची पद्धत याच श्रद्धेतून आलेली आहे.

मंदिरांच्या या साखळीचे व्यावहारिक काम असे की, एका गटातील सुबाक देवळात एकत्र येऊन पुढच्या वर्षी कोणी केव्हा लावणी करायची आणि कोणत्या काळात खाचरे रिकामी ठेवायची, हे ठरवतात. त्यासाठी २१० दिवसांचे एक पंचांग वापरले जाते, ज्यात एक दिवसापासून दहा दिवसांपर्यंतचे दहा वेगवेगळे आठवडे एकाच वेळी चालू असतात. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना देऊळ, नैवेद्य आणि पंचांग दिसत होते, पण त्यांना ते धर्माचे खाते वाटले. सिंचनाच्या नकाशावर देवळे काढण्याचे त्यांना कारण दिसले नाही.

परस्परविरोधी दोन गरजा

या प्रकरणाचा गाभा भातशेतीच्या दोन साध्या तथ्यांत आहे. पहिले तथ्य पाण्याविषयीचे आहे. भाताला सर्वांत जास्त पाणी चिखलणीच्या आणि लावणीच्या वेळी लागते. एका नदीवरच्या सगळ्या सुबाकांनी एकाच पंधरवड्यात लावणी केली, तर त्या पंधरवड्यात नदी पुरत नाही आणि पुढे काही महिने पाणी वाहून जाते. म्हणून पाण्याचा विचार केला तर लावण्या मागेपुढे व्हायला हव्यात.

दुसरे तथ्य किडीचे आहे. तुडतुडे, उंदीर आणि भातावरचे विषाणूजन्य रोग यांना जगण्यासाठी सतत कोठेतरी उभे पीक लागते. शेजारच्या दोन शिवारांतील पिकांत महिन्याचे अंतर असेल, तर एका शिवारातील कापणी होताच कीड दुसऱ्या शिवारात जाते आणि तिची पिढी खंडित होत नाही. याउलट, एका मोठ्या सलग पट्ट्यातील सर्वांनी एकाच वेळी कापणी करून खाचरे काही आठवडे रिकामी ठेवली किंवा पाण्याखाली बुडवली, तर किडीला खायला काही उरत नाही आणि तिची संख्या आपोआप ढासळते. त्यासाठी पट्टा मात्र किडीच्या एका झेपेपेक्षा मोठा असावा लागतो. एकट्या सुबाकाने आपले शिवार मोकळे ठेवून उपयोग होत नाही. म्हणून किडीचा विचार केला तर लावण्या एकाच वेळी व्हायला हव्यात.

या दोन्ही गरजा एकाच वेळी पूर्णपणे भागत नाहीत. सगळे पाणलोट क्षेत्र एका तालात चालवले तर कीड संपते, पण पाणी अपुरे पडते. प्रत्येक सुबाक आपल्या सोयीने चालला तर पाणी पुरते, पण कीड माजते. उत्तम उत्पादन या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते, म्हणजे काही सुबाकांच्या गटाने आपसात एकत्र लावणी करायची आणि शेजारच्या गटाने पुढेमागे. हे मधले प्रमाण किती मोठे असावे, हे कीड किती दूर जाते, पाऊस किती पडतो, नदीत किती पाणी आहे आणि कोणाचा बंधारा कोणाच्या वर आहे, यांवर अवलंबून असते. ते प्रत्येक खोऱ्यात वेगळे येते आणि एखाद्या कार्यालयात बसून काढता येईल असे सूत्र त्यासाठी नाही.

येथे खानदेशातील पांझरा आणि बागलाणातील मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीची आठवण होणे साहजिक आहे, कारण तेथेही बंधाऱ्याखालच्या एका फडातील सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि फडाफडांतून पिके फिरवायची, असा दंडक होता. तेथे भर प्रामुख्याने पाणीवाटपाच्या सोयीवर होता, तेव्हा दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे म्हणता येणार नाही. तरी शेजाऱ्याच्या पिकाशी आपले पीक बांधून घेण्याची गरज शेतकऱ्यांनी दोन अगदी वेगळ्या भूप्रदेशांत ओळखली होती, एवढे निश्चित.

बिघाड

फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हे वाण प्रसारित केले आणि इंडोनेशियाच्या सरकारने, तांदळाच्या आयातीच्या ओझ्यातून सुटण्यासाठी, या कुळातील वाणांचा जोरदार प्रसार केला. त्यामागची निकड खरी होती. १९७७ पर्यंत दक्षिण-मध्य बालीतील सुमारे ७० टक्के खाचरांत नवी वाणे लागली होती. बालीचे जुने भात तयार व्हायला जवळजवळ सहा महिने लागत. नवे चार महिन्यांच्या आत तयार होई. एक कापणी झाली की लगेच पुढची लावणी करावी, असे कृषी खात्याने सांगितले आणि देवळांची वेळापत्रके मागे पडली. सुबाकांवर कोणी बंदी घातली नव्हती. प्रत्येकाने स्वतःचे उत्पादन वाढवावे एवढेच सांगितले गेले होते, आणि तेवढ्यानेच एकत्रित विश्रांतीचा काळ नाहीसा झाला.

पहिल्या काही हंगामांत उतारा वाढला. नंतर तपकिरी तुडतुड्यांनी पिके करपवली. त्यांना दाद न देणारे आयआर-३६ हे वाण आणले गेले, पण बालीत त्याच्यावर टुंग्रो हा हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग आला. त्यावर पुन्हा नवे वाण, आणि त्यावर पुन्हा नवा रोग. दर वेळी उपाय वाणाच्या गुणसूत्रांत शोधला जात होता, आणि किडीला बारमाही अन्न पुरवणारी लागवडीची रचना तशीच ठेवली जात होती. फवारण्यांनी तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे कोळी आणि इतर भक्षक किडेही मारले, त्यामुळे फवारणीनंतर तुडतुडे आधीपेक्षा जास्त जोमाने परत येऊ लागले. ही गोष्ट केवळ बालीपुरती नव्हती. ती इतकी गंभीर झाली की १९८६ साली अध्यक्ष सुहार्तो यांच्या आदेशाने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर इंडोनेशियात बंदी आली आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन हे राष्ट्रीय धोरण झाले.

याच सुमारास, १९७९ पासून, आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने बालीत सिंचन प्रकल्प चालू होता. बंधारे पक्के झाले, पाणी मोजून सोडण्याचे दरवाजे बसले, आणि पाण्याचे नियोजन अभियंत्यांच्या हाती यावे अशी अपेक्षा होती. पण अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ते दरवाजे वापरलेच नाहीत. देवळांच्या वेळापत्रकाकडे परत जाऊ द्यावे, अशी मागणी सुबाक करू लागले आणि सल्लागारांना ती परंपरेचा हट्ट वाटली. पुढे बँकेच्याच मूल्यमापनात पारंपरिक व्यवस्थेची दखल न घेण्याची किंमत मोठी होती, हे मान्य करण्यात आले. त्या मान्यतेच्या मागे एक संगणकीय प्रारूपही होते.

प्रारूप

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग १९७० च्या दशकापासून बालीतील मंदिरांचा अभ्यास करत होते. देवळांतील बैठका आणि पाण्याच्या पाळ्या यांचा संबंध त्यांना दिसत होता, पण हा संबंध उत्पादनावर किती परिणाम करतो, हे त्यांच्या विद्येच्या साधनांनी सिद्ध होण्यासारखे नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे कितीही ढीग लावले तरी अभियंता त्यांना श्रद्धेचे निवेदन मानणार, हे उघड होते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील त्यांचे सहकारी जेम्स क्रेमर हे सागरी परिसंस्थांची गणिती प्रारूपे करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ होते. भाताचा आणि त्यांचा संबंध नव्हता. मात्र भक्ष्य, भक्षक आणि प्रवाह यांचे हिशेब एकत्र मांडण्याची सवय त्यांना होती. मला या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग हा वाटतो की, येथे दोन विद्याशाखांनी एकमेकींचे निष्कर्ष नुसते शेजारी ठेवले नाहीत. एकीच्या प्रश्नाला दुसरीच्या साधनांची गरज होती, म्हणून त्या एकत्र आल्या.

त्यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांच्या खोऱ्यातील १७२ सुबाक निवडले. प्रत्येक सुबाकाचे क्षेत्र, त्याचा बंधारा आणि त्याच्या वरचे व खालचे शेजारी प्रारूपात घातले. मग महिन्यामहिन्याचा पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ, पाण्याच्या कमतरतेने होणारी घट आणि शेजारच्या शिवारांतून येणारी कीड यांचा हिशेब मांडला. पहिल्या प्रयोगात त्यांनी एकत्र लावणी करणाऱ्या गटाचा आकार बदलून पाहिला. एका टोकाला प्रत्येक सुबाक स्वतंत्र, दुसऱ्या टोकाला सगळे खोरे एका वेळापत्रकावर. दोन्ही टोकांना उत्पादन कमी आले. ते सर्वांत जास्त आले त्या ठिकाणी, जेथे गट प्रत्यक्षातील जलमंदिरांच्या गटांएवढे होते. प्रारूपाने वर्तवलेले उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरच्या प्रत्यक्ष हंगामांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांतही चांगला मेळ आढळला.

एवढ्याने मंदिरांचे महत्त्व पटले, पण त्यातून आणखी अवघड प्रश्न उभा राहिला. हे योग्य आकाराचे गट मुळात बनवले कोणी? शेकडो शेतकऱ्यांना, पिढ्यानपिढ्या, किडीची झेप आणि नदीचा प्रवाह यांचा तोल साधणारे गट सापडले कसे? जुने उत्तर सरळ होते. कार्ल विटफोगेल यांनी १९५७ साली असा सिद्धान्त मांडला होता की, मोठ्या सिंचनव्यवस्था चालवायला केंद्रीय आणि कठोर सत्ता लागते आणि पूर्वेकडील निरंकुश राज्ये त्यातूनच निर्माण झाली. बालीत राजे होते हे खरे, पण मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्यासह अनेक अभ्यासकांना पाण्याच्या दैनंदिन वाटपात राजांचा हात दिसला नव्हता. आणि बातूरचा पुजारी काही हजारो खाचरांची गणिते मांडत नव्हता.

लॅन्सिंग आणि क्रेमर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रारूपातून गट काढून टाकले. प्रत्येक सुबाकाला सुरुवातीला यदृच्छेने एक पीकपद्धत दिली आणि एकच नियम घातला: वर्ष संपले की जवळच्या शेजाऱ्यांकडे पाहायचे, त्यांच्यापैकी कोणाचे उत्पादन आपल्यापेक्षा जास्त असेल तर पुढच्या वर्षी त्याची पीकपद्धत उचलायची. यात पूर्ण खोऱ्याची माहिती कोणालाही नाही, सर्वांचे भले करण्याचा हेतू नाही आणि नियोजन करणारे कोणी नाही. पहिल्या वर्षी सगळा गोंधळ असतो, कोठे पाण्याची ओरड आणि कोठे किडीची. मग एखाद्या ठिकाणी दोन शेजाऱ्यांची वेळ योगायोगाने जुळते, त्यांचे उत्पादन वाढते, बाकीचे त्यांची नक्कल करतात, आणि साधारण दशकभरात नकाशावर एकत्र लावणी करणाऱ्या सुबाकांचे सलग पट्टे दिसू लागतात. हे पट्टे प्रत्यक्षातील मंदिरगटांशी बरेच मिळतेजुळते होते. सरासरी उत्पादन वाढले होते आणि सुबाकासुबाकांतील तफावत कमी झाली होती. नंतर पावसात किंवा किडीच्या जोरात बदल केला, तर हे जमून आलेले जाळे यदृच्छेने केलेल्या मांडणीपेक्षा लवकर सावरत होते.

तफावत कमी होणे ही बाब सरासरीपेक्षाही महत्त्वाची आहे. शेजाऱ्याचे उत्पादन आपल्याइतकेच आले, तर त्याच्या वेळापत्रकाचा हेवा करण्याचे किंवा करार मोडण्याचे कारण उरत नाही. व्यवस्था टिकते ती या समाधानावर.

वरचा शेतकरी पाणी का सोडतो

प्रारूपातील नक्कल करणाऱ्या सुबाकांना मन नसते. प्रत्यक्षातील शेतकऱ्याला असते. ज्याचा बंधारा वर आहे, त्याने खालच्याची पर्वा का करावी, हा सिंचनाच्या इतिहासातील सर्वांत जुना प्रश्न आहे. लॅन्सिंग आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन मिलर यांनी तो दोन शेतकऱ्यांच्या खेळाच्या रूपात मांडला. वरच्याला पाण्याची चिंता नाही, पण किडीची आहे. खालच्याला दोन्हींची आहे. खालच्याने वेगळ्या वेळी लावणी केली, तर त्याला पाणी मिळेल, पण दोघांच्याही शेतात कीड फिरत राहील. म्हणजे खालच्या शेतकऱ्याच्या हाती एक शस्त्र आहे. आपल्याला पुरेसे पाणी मिळाले नाही, तर आपण आपल्या सोयीच्या महिन्यात लावणी करू, असे तो म्हणू शकतो, आणि त्याचा फटका वरच्याला बसतो. कीड जितकी घातक, तितका वरचा शेतकरी पाणी सोडायला राजी. पाण्याची वरून खाली जाणारी सत्ता आणि किडीची सर्व दिशांना पसरणारी भीती यांच्या ताणातून सहकार्य निर्माण होते.

तेगाललांग परिसरातील दहा सुबाकांतील शेतकऱ्यांना, आपल्याला किडीचा त्रास जास्त की पाण्याच्या तुटीचा, असे विचारण्यात आले, तेव्हा उत्तरे याच दिशेची आली: वरच्या अंगाचे शेतकरी किडीचे नाव घेत होते आणि खालच्या अंगाचे पाण्याचे. येथे एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो, आणि तो धोरणकर्त्यांना सहसा आवडत नाही. किडीचा पूर्ण नायनाट करणारे औषध खरोखरच सापडले असते, तर वरच्या शेतकऱ्याला पाणी वाटून घेण्याचे कारण उरले नसते. या व्यवस्थेत कीड हा शत्रू आहे आणि कराराचा जामीनही आहे.

आक्षेप

या प्रारूपाचे जितके कौतुक झाले, तितकीच त्यावर टीकाही झाली, आणि ती टाळून हे प्रकरण मांडणे अप्रामाणिक ठरेल. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन हेल्मराइख यांनी १९९९ साली असा आक्षेप घेतला की, प्रारूप बालीच्या इतिहासातील डच वसाहतीचे कर, जमीनधारणेतील बदल आणि राज्यसंस्थेचा हस्तक्षेप हे सारे पुसून टाकते आणि मग उरलेल्या चित्राला निसर्गनियमासारखे सादर करते. ब्रिगिटा हाउझर-शॉयब्लिन यांनी २००३ साली मंदिरे आणि राजसत्ता यांचा संबंध लॅन्सिंग मांडतात त्यापेक्षा घट्ट असल्याचे सांगितले.

माझ्या मते या टीकेतला एक भाग पूर्णपणे ग्राह्य आहे. शेजाऱ्याची नक्कल करण्याच्या नियमातून मंदिरगटांसारखे पट्टे निर्माण होऊ शकतात, एवढेच प्रारूप दाखवते. बालीत ते तसेच निर्माण झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही. पुरेसे कारण आणि प्रत्यक्ष घडलेला इतिहास यांत फरक आहे, आणि या क्षेत्रातील उत्साही लेखनात तो वारंवार पुसला जातो. मात्र टीकेने प्रारूपाचा मुख्य दावा ढळत नाही, असेही मला वाटते. राजांनी देवळे बांधली असतील, त्यांना दाने दिली असतील, त्यांच्यावर हक्कही सांगितला असेल. पण या महिन्यात कोणत्या शिवारात चिखलणी व्हावी, हे राजवाड्यातून ठरवण्यासाठी लागणारी माहिती राजवाड्यात कधीच पोहोचत नव्हती. तसेच परंपरा म्हणजे शहाणपण, असा जो भाबडा अर्थ या प्रकरणातून काढला जातो, तोही टिकत नाही. व्यवस्था चांगली ठरली ती जुनी होती म्हणून नाही. दर हंगामाला शेजाऱ्याच्या खाचरातील निकाल पाहून ती स्वतःला दुरुस्त करत होती म्हणून. हरितक्रांतीच्या कार्यक्रमात नेमकी हीच सोय नव्हती, कारण तेथे शेतकऱ्याने खात्याच्या सूचनापत्रकाकडे पाहायचे होते.

नंतरचे अभ्यास

एकदा पाण्याचा मागोवा घ्यायचे ठरवल्यावर अभ्यास शेताच्या बांधावर थांबला नाही. ज्वालामुखीय खडकांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर स्फुरद आणि पालाश नैसर्गिकरीत्याच खाचरांत येतात, हे तपासणीत दिसले. म्हणजे शिफारस केलेल्या रासायनिक खतांपैकी बराच भाग पिकाला लागतच नव्हता आणि पाण्याबरोबर समुद्रात जात होता. किनाऱ्याजवळच्या प्रवाळांच्या थरांतील नत्राच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून) केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रासायनिक खतांची खूण आढळली. त्या अभ्यासाच्या लेखकांत क्रेमर आणि लॅन्सिंग दोघेही होते, आणि सागरी परिसंस्थांपासून भाताकडे आलेल्या क्रेमर यांचे संशोधन त्या निमित्ताने पुन्हा समुद्राकडे वळले.

२०१७ साली लॅन्सिंग, व्हिएन्नाचे स्टेफान थर्नर, सिंगापूरचे लॉक युए च्यू आणि इतर सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. वरून घेतलेल्या छायाचित्रांत बालीची खाचरे चार अवस्थांत ओळखता येतात: उभे हिरवे भात, कापणीला आलेले वा कापलेले पिवळे शिवार, पाण्याने भरलेले आणि कोरडे मोकळे. या पट्ट्यांच्या आकारांची मोजणी केली तेव्हा असे दिसले की, लहान पट्टे पुष्कळ आणि मोठे थोडे, पण त्यांचे प्रमाण घातांक नियमाने बांधलेले आहे, म्हणजे पट्ट्याचा आकार ठरावीक पटीने वाढला की अशा पट्ट्यांची संख्या ठरावीक पटीने घटते. भौतिकशास्त्रात पदार्थ एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याच्या सीमेवर असताना अशा प्रकारची रचना आढळते, आणि अशा स्थितीत दूरदूरचे भाग एकमेकांच्या बदलांना प्रतिसाद देत असतात. पाणी आणि कीड यांची ओढाताण घातलेल्या साध्या प्रारूपातूनही तीच वाटणी मिळाली, आणि त्याच स्थितीच्या जवळ एकूण उत्पादन सर्वाधिक होते. घातांक नियम दिसला की लगेच स्वयंसंघटनाचा, म्हणजे कोणी न आखता व्यवस्था आपोआप जमून आल्याचा, दाखला मिळाला असे मानण्याची घाई या क्षेत्रात पूर्वी पुष्कळदा झाली आहे. येथे मात्र पट्टे कसे तयार होतात याची यंत्रणा आधी शेतावर समजलेली होती, म्हणून निष्कर्षाला वजन येते.

२०१२ साली युनेस्कोने सुबाकांच्या सांस्कृतिक भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दरम्यान बेटावर पर्यटन वाढत गेले आहे, हॉटेले आणि बंगले खाचरांच्या जागी उभे राहत आहेत आणि त्यांना पाणीही लागते. येथे प्रारूपाचा तर्क पुढे नेला तर एक गोष्ट लक्षात येते, आणि संवर्धनाच्या चर्चांत तिचा फारसा विचार होत नाही असे मला वाटते. खालच्या अंगाच्या सुबाकाने जमीन विकली तर केवळ तेवढे क्षेत्र वजा होत नाही. तेथे भात नसल्याने वेगळ्या वेळी लावणी करण्याचा इशाराही कोणी देऊ शकत नाही, आणि वरच्या सुबाकाला पाणी खाली सोडण्यासाठी जे स्वार्थाचे कारण होते ते तेवढ्याने दुबळे होते. त्याचा परिणाम त्या दोघांच्या मध्ये अजून शेती करत असलेल्या सुबाकांवर होतो, आणि तो त्यांच्या स्वतःच्या जमिनीच्या नोंदीत कोठेच दिसत नाही.